मागच्या चाकातली हवा

आप्पा, तुमची नात आणि तिचा नवरा काल पहाटे साडेचारला कुंडलहून मोटरसायकलवर झाशीला निघालेत. चार दिवसांचा रस्ता आहे, आज दुसरा दिवस. आत्ता दुपारचा एक वाजून गेला आहे. अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही एवढं ऊन आहे, आणि अकराला सावली बघून थांबलो की फोन करते म्हणालेल्या लेकीचा फोन अजून आलेला नाही. मी सहा वेळा लावला. संपर्क होऊ शकत नाही, एवढंच ऐकू येतं. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी ओळ लिहिली नाही, तुम्ही होता तेव्हाही लिहिली नाही, कारण तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्याकडून वाचून घेण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आज लिहायला बसले, कारण जे झालंय ते इथे कुणाला सांगण्यासारखं नाही. ते टायरच्या हवेबद्दल आहे, आणि हवेबद्दल मला जे कळतं ते सगळं तुमच्याकडून आलेलं आहे.

जावई फौजेत आहे. लग्नाला वर्ष झालं, पण दोघं मिळून जेमतेम दोन महिने एका घरात राहिली असतील. आता त्याला झाशीला क्वार्टर मिळालं. मोटरसायकल रेल्वेनं पाठवायची आणि दोघांनीही रेल्वेनंच जायचं, असं ठरलं होतं. पण रजेच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या डोक्यात आलं की चालवतच न्यावी. मी म्हणाले, "पाव्हणं, मे महिना हाय. माणसं घराच्या बाहेर पडंनात." तो हसला. "मामी, पहाटं निघायचं, अकराला थांबायचं, ऊन कललं की पुन्हा निघायचं. वाळवंटात काढल्यात दोन वर्षं, मला ऊन काय करतंय?" मी लेकीकडे पाहिलं. तिनं आधीच डोक्याला बांधायचे दोन पंचे धुऊन वाळत घातले होते. "आई, तू आता नको चालू करू. आयुष्यात पहिल्यांदा चार दिवस ह्यांच्याबरोबर सलग राहायला मिळतंय, ते पण पाठीमागं बसून. त्यात पण तोंड दिसायचं न्हाईच." मी शेंगदाण्याची चटणी केली, आणि तिकडे ज्वारी कशी मिळेल कोण जाणे म्हणून दहा किलो पीठ दळून आणलं. तिनं डोक्याला हात लावला. मी ऐकलं नाही. पीठ मागच्या कॅरिअरला बांधलं.

निघताना मी ते केलं. तुम्ही उन्हाळ्यात प्रत्येक गाडीला करायचात ते. अंगणात गाडी उभी होती, जावई सामानाचे पट्टे आवळत होता. मी खाली बसले, व्हॉल्वची टोपी काढली, केसातल्या आकड्यानं आतली कांडी दाबली आणि हवा सोडली. आधी मागचं चाक, मग पुढचं. तुमच्यासारखं मनात सातपर्यंत मोजलं, अंगठ्यानं टायर दाबून पाहिलं, टोपी लावली. लेक म्हणाली, "झालं, टायरवाल्याची लेक जागी झाली." मी सांगितलं, उन्हानं आतली हवा फुगते, गच्च भरलेलं चाक फुटतं, म्हणून आधीच थोडी जागा ठेवायची. हे मी तुमच्याच शब्दांत सांगितलं, आप्पा. जावई म्हणाला, "करू दे गं. त्यांच्या घरात जन्म गेलाय ह्या कामात." मग दोघं माझ्या पाया पडली आणि गेली. गाडी वळणाआड होईपर्यंत मी उभी होते. मला बरं वाटत होतं. माझ्या हातून काहीतरी उपयोगाचं झालं, असं वाटत होतं.

खंडाळ्याला, घाट चढायच्या अलीकडे, आपलं दुकान म्हणजे चार पत्रे आणि हवेची टाकी. शाळा चौथीत सुटल्यावर मी दिवसभर तुमच्याजवळच असायची. ड्रायव्हर लोक कुठले कुठले पेपर टाकून जायचे. तुम्ही त्यांना हात पुसायच्या आधी मी ते वाचून घ्यायची. अर्धी पानं ग्रीसनं माखलेली, बातमीचा शेवट नेहमी गायब. तरी वाचायची सवय लागली ती तिथेच. आणि दुसरी सवय लागली कानाची. तुम्ही टॉमीच्या लोखंडी दांड्यानं टायरवर एक ठोका मारायचात आणि मला विचारायचात, "काय म्हणतंय गं?" मी म्हणायची, "भरलंय." किंवा "बसलंय." चुकलं की तुम्ही ओरडायचा नाहीत, फक्त पुन्हा ठोका मारायचात. एकदाच ओरडलात. मी एका ट्रकच्या चाकात एप्रिलच्या भर दुपारी गच्च हवा भरली होती. तुम्ही माझ्या हातातला पाइप हिसकून घेतलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "मारशील कुणाला तरी! उन्हाळ्यात हवा कमी, किती वेळा सांगायचं?" मी दहा-अकरा वर्षांची असेन. रडले नाही, पण ते वाक्य कायमचं आत बसलं. लग्न होऊन कुंडलला आले, तरी दर उन्हाळ्यात ह्यांच्या मोटरसायकलची हवा मी स्वतः कमी करायची. हे रोज कुपवाडला कारखान्यात जायचे, जाऊन येऊन नव्वद किलोमीटर. त्यांना कधी मला आठवण करून द्यावी लागली नाही.

काल ती गेल्यावर घर खायला उठलं म्हणून दुपारी वाचनालयात गेले. हे गेल्यापासून मी रोज दुपारी तिथे असते. पंखा असतो, आणि कोण काही विचारत नाही. रविवारच्या पुरवणीत कोपऱ्यात एक चौकट होती, उन्हाळ्यात गाडी चालवणाऱ्यांसाठी. पाणी प्या, पंचा ओला ठेवा वगैरे. आणि खाली लिहिलं होतं की उन्हाळा आहे म्हणून टायरमधली हवा कमी करण्याची चूक करू नये. हवा कमी असली की टायर जास्त दबतं, प्रत्येक फेऱ्याला दबतं आणि सुटतं, आणि त्या दबण्यानंच आतून तापत जातं. फुटतं ते कमी हवेचं टायर. मागे माणूस आणि ओझं असेल तर मागच्या चाकात उलट नेहमीपेक्षा जास्त हवा हवी.

आधी मला राग आला. लिहिणाऱ्यानं कधी ट्रकचं चाक खोललंय का, असं मनात आलं. पुरवणी मिटून ठेवली, पुन्हा उघडली. घरी आले. गोठ्याच्या बाजूला ह्यांची गाडी अजून उभी आहे, वर पोती टाकलेली. पोती काढली. चेनच्या कव्हरवर कंपनीचा एक छोटा स्टिकर आहे. इंग्रजीत आहे, पण एका माणसाचं चित्र आणि दोन माणसांचं चित्र, आणि त्यांच्यापुढे आकडे, एवढं कळायला इंग्रजी लागत नाही. दोन माणसांपुढचा मागच्या चाकाचा आकडा मोठा होता. मी भजी बांधून आलेला कागदसुद्धा वाचते. तो स्टिकर मी इतकी वर्षं ओल्या फडक्यानं पुसला, आणि वाचला नाही.

तेव्हापासून, आप्पा, मी एकच हिशोब करतेय. दोन माणसं, दोन बॅगा, आणि माझ्या हट्टाचं दहा किलो पीठ. सगळं मागच्या चाकावर. तापलेला डांबरी रस्ता. मी लगेच फोन लावला, तो लागला नाही. संध्याकाळी सातला तिचाच आला, नाशिकहून. "आई, तोंड बघितलंस तर वळखणार न्हाईस. भाजलेलं वांगं झालंय." मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून जावयाचा आवाज आला, "मामी, गाडी एकदम मऊ चाललीय बघा. खड्डं कळतच न्हाईत. तुमची हवा लय भारी!" आणि दोघं हसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, खड्डे कळत नाहीत म्हणजे चाक किती बसलंय. कळलंच होतं. पण जावयासमोर कसं म्हणायचं की माझ्या बापानं मला चुकीचं शिकवलं? ज्याच्या दुकानाची गोष्ट मी लग्नाच्या बोलणीत त्याच्या आईबापाला कौतुकानं सांगितली होती, तो माणूस चुकत होता? मी म्हणाले, "पाणी पीत जावा." आज पहाटे पाचला निघताना त्यांनी पुन्हा फोन केला. मी म्हणाले, "सांभाळून." एवढंच. बापाची लाज राखायला मी पोरीला त्या चाकावर बसू दिलं.

आता दीड वाजला. अजून फोन नाही. पुन्हा लावला. नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरतंय. मी लिहीत राहते, कारण लिहायचं थांबलं की मला तो आवाज ऐकू येतो. टायर फुटल्याचा. तुम्ही म्हणायचात, एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. मी दुकानात असेपर्यंत तो कधी ऐकला नव्हता. माझं लग्न झाल्यावर झालं ते. आई मला भेटायला कुंडलला आली होती तेव्हा तिनं सांगितलं. एक कर्नाटकातला ड्रायव्हर होता, आपल्याकडे नेहमी थांबायचा, तुम्हाला अण्णा म्हणायचा. त्याच्या ट्रकचं पुढचं टायर घाटात फुटलं. ट्रक डोंगराच्या अंगाला गेला म्हणून वाचला, पण पाय गेला त्याचा. आई म्हणाली, "तुझ्या बापानंच हवा बघितली होती त्याची. दोन दिवस अन्नाला शिवलं न्हाईत." मला वाईट वाटलं. ओळखीच्या माणसाचं असं झालं म्हणून तुम्ही जेवला नाहीत, असंच मी समजले. त्याच्या पलीकडे काही असेल असा विचारही मनात आला नाही.

हे लिहिताना मला दुसरं एक आठवलं, आणि ते मी आजपर्यंत असं लावून पाहिलंच नव्हतं. त्या अपघातानंतरच्याच मे महिन्यात मी आणि हे मोटरसायकलवर खंडाळ्याला आलो होतो. आमचा दोघांचा तेवढाच एक लांबचा प्रवास. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. कुंडल सुटेपर्यंत मी हात गाडीच्या दांडीला धरून बसले होते. कऱ्हाडच्या पुढे रस्ता मोकळा झाला तसा ह्यांनी मागे न बघता माझा हात ओढून स्वतःच्या कमरेला लावला. उंब्रजला उसाचा रस घेतला, पंचा भिजवून डोक्याला बांधला, तो दहा मिनिटांत वाळून कडक झाला. साडेतीन-चार तास लागले. माझ्या मांड्या भाजल्या होत्या आणि मी इतकी खुशीत होते की ते मला रात्री कळलं. परत निघायच्या वेळी तुम्ही ह्यांची गाडी टाकीजवळ घेतलीत आणि मागच्या चाकाला पाइप लावलात. मी कुंडलहून निघतानाच हवा कमी केलेली होती. तुम्ही ती भरलीत. हे हसून म्हणाले, "आप्पा, उन्हाळ्यात हवा कमी पाहिजे न्हवं? तुमची लेक रोज डोकं खाती माझं." तुम्ही वर बघितलं नाहीत. माझ्याकडे तर नाहीच. पाइप काढला, टॉमीनं ठोका मारला आणि म्हणालात, "भरल्याली बरी." बस. पुन्हा खाली बघून कामाला लागलात. वाटेत मी ह्यांना म्हणाले, "आप्पा आता विसराय लागल्यात." आणि घरी आल्यावर सकाळी पुन्हा सात मोजून हवा सोडली. हे ओसरीत चहा पीत बघत होते. काही बोलले नाहीत.

तुम्ही विसरला नव्हता, आप्पा. तुम्हाला कळलं होतं. त्या ड्रायव्हरचा पाय गेला तेव्हा कळलं होतं, आणि तुम्ही गुपचूप हात बदलला होता. एवढंच मला सांगितलं असतंत तर? "पोरी, मी चुकलो, तू आता तसं करू नकोस." एवढे सात-आठ शब्द. पण मला सगळ्यांसमोर ज्या गोष्टीसाठी ओरडला होता, तीच गोष्ट उलटी करून कशी सांगणार? मला आज तुमचा राग येतोय. आणि राग येता येता मी थांबते, कारण काल संध्याकाळी फोनवर मीही तेच केलं. मला अजून एक प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर द्यायला आता कोणी उरलेलं नाही. हे इतकी वर्षं उन्हाळ्यात माझ्या हातानं हवा कमी झालेली गाडी घेऊन कुपवाडला गेले. तुमचं "भरल्याली बरी" त्यांनीही ऐकलं होतं. माझं मन राखून ते रोज कुठल्या पंपावर थांबून हवा भरून घेत होते का? की माझ्यावर विश्वास टाकून तसेच जात होते? ते छातीच्या दुखण्यानं गेले, रस्त्यावर नाही. तरी हा प्रश्न मला काल दुपारपासून सोडत नाही.

फोन आला. सव्वादोनला. मी हे बाजूला ठेवून बोलले, आणि आता जसं झालं तसं लिहिते.

लेक होती. "आई, घाबरू नको, फोन लय तापला हुता. बंदच पडला. आत्ता सुरू झाला. सेंधव्याच्या पुढं ढाब्यावर हाय आमी, साडेअकरापासनं. खाट मिळालीय, झाड हाय." मी म्हणाले, "पाव्हण्यांना दे." ती म्हणाली, "का गं? काय झालं?" मी म्हणाले, "दे आधी." तो आल्यावर मी एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. "पाव्हणं, मी हवा कमी केली ती चुकीची हाय. दोघं बसल्यावर मागं जास्त लागती. उन्हात तर कमी ठेवूच नये. जाऊन चाक बघा."

तो गेला. फोन लेकीच्या हातात राहिला असावा, कारण मला ढाब्यावरचा रेडिओ ऐकू येत होता. मग त्याचा आवाज, आधीपेक्षा बारीक. "मामी, अडीच तास उभी हाय गाडी, तरी टायर अजून गरम हाय. आणि कडंला बारीक रेघा दिसत्यात. सकाळी नव्हत्या." मी विचारलं, निघताना मोजली होती का हवा. तो म्हणाला, "न्हाई मोजली. फौजेत रोज सकाळी गाडीची हवा बघितल्याबिगर बाहेर काढू देत न्हाईत आमाला. पर म्हणलं, तुमी बघितल्याव मी काय बघायचं? तुमाला वाटायचं, जावयाचा इस्वास न्हाई."

मी तुमच्या दुकानातल्या आवाजात बोलले. चाक आता भरू नका, सावलीत पूर्ण गार होऊ द्या. गार झाल्यावर जवळच्या पंपापर्यंत हळू न्या, एकट्यानं, लेकीला तिथंच बसू द्या. तिथं टायरवाला गाठा, त्याला रेघा दाखवा. आतनं कापड सुटलंय म्हणाला तर नवीन टायर घाला, तोवर पुढं जायचं न्हाई. आणि ते पीठ ढाब्यावर देऊन टाका. "व्हय मामी," तो म्हणाला. "आज मग इथंच मुक्काम. टायर बदलूनच घेतो, काय इचारायचं न्हाई." मी म्हणाले, "गाडी चालवतानाच का न्हाई कळलं तुमाला?" ते मी रागानं विचारलं नाही, पण तसं निघालं असावं. तो म्हणाला, "कळत हुतं. मागलं अंग जरा डुलत हुतं. मला वाटलं, पिठामुळं."

मग लेकीनं फोन घेतला. ती सगळं ऐकत होती. "आई, पण आजोबा तर असंच करायचे न्हवं? तूच सांगायचीस." मी म्हणाले, "आधी करायचे. मग त्यांना कळलं, त्यांनी सोडून दिलं. मी बघितलं हुतं, माझ्या ध्यानात आलं न्हाई. चूक माझी हाय." हे खरं आहे, आप्पा. ह्यात तुमचं काही झाकलेलं नाही आणि काही उघडंही टाकलेलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं आठवलं तुला. आमी पाच वाजता निघणार हुतो." मग म्हणाली, "रडू नको. संध्याकाळी टायर घातलं की फोटो पाठवते." मी रडत नव्हते. रडायला लागले ते फोन ठेवल्यावर.

आता पावणेचार झालेत. फोटो अजून आलेला नाही. टायरवाला मिळाला का, गावाला तसलं टायर मिळतं का, जावई लेकीला ढाब्यावर ठेवून गेला की ती हट्टानं मागे बसली, काही कळायला मार्ग नाही. फोन मांडीवर आहे. ही वही मी तांदळाच्या डब्यामागे ठेवणार आहे. लेक इथे आल्यावर तिच्या हाती पडू नये एवढंच. कारण फोन ठेवता ठेवता तिनं मला विचारलं होतं, "हे तुला कधी कळलं?" आणि मी म्हणाले, "आत्ता, जेवण झाल्यावर, पेपरात वाचलं." काल दुपारी वाचलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही.